लग्नसराईतली हेल्पलाइन

आमच्या कामाला हंगाम असतो. तुळशीची लग्नं लागली की फोन वाढू लागतात, पौषात थोडी उसंत मिळते आणि माघापासून आषाढ उजाडेपर्यंत पुन्हा फुरसत नसते. पितृपंधरवडा सगळ्यात शांत. समलिंगी मुलामुलींसाठीची हेल्पलाइन पंचांगाप्रमाणे चालते, याची नव्या कार्यकर्त्यांना आधी गंमत वाटते. एक लग्नसराई काढली की तेच 'वैशाखात रजा घेऊ नका' असं एकमेकांना बजावतात.

पलीकडून येणारं पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असतं. "सर, घरचे स्थळं बघतायत." बोलणारा कधी हिंजवडीतला इंजिनिअर असतो, कधी बारामतीकडच्या बागायतदाराचा एकुलता एक मुलगा, कधी भरतीत नुकताच लागलेला शिपाई. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करणारे तर कितीतरी. त्यांच्यातल्या एकाने मला समजावून सांगितलं होतं की त्याला पास व्हायची घाई नाही. 'अभ्यास चालू आहे' एवढ्यावर घरचे दोन-तीन वर्षं थांबतात. दुसऱ्याने पत्रिका बघणाऱ्या गुरुजींना पाचशे रुपये दिले आणि बत्तिसाव्या वर्षापर्यंत विवाहयोग नाही, असं आईसमोर वदवून घेतलं. तिसऱ्याने 'आधी बहिणीचं होऊ दे' म्हणत तिच्या लग्नाचं कर्ज स्वतःच्या नावावर घेतलं. शेतकरी मुलांना मुली मिळत नाहीत, ही गावोगावची तक्रार खरी आहे, आणि त्या तक्रारीच्या आडोशाला आमचीही दोन-चार मुलं निवांत बसलेली आहेत.

या सगळ्यांना एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे मुदत. लोक मला समलिंगी हक्कांच्या चळवळीतला कार्यकर्ता म्हणून व्यासपीठावर बसवतात, प्राइडमधले फोटो छापतात. माझा बहुतेक वेळ मात्र कुणाला तरी मुदत मिळवून देण्यात गेला आहे, आणि ती मिळाली नाही तर पुढचं निस्तरण्यात.

मी मुळात सहकारी बँकेतला कारकून. मुंबईत अशोक राव कवींनी १९९० साली 'बॉम्बे दोस्त' काढलं, १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट उभा राहिला, पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली समपथिक ट्रस्ट सुरू केला. त्याच सुमाराच्या वाऱ्यात आम्ही काही मित्र कामाला लागलो. तेव्हा समलिंगी पुरुषांसाठी काही करायचं तर पैसा एकाच दारातून यायचा, एड्स नियंत्रणाच्या. बँक सुटली की मी आउटरीचला जायचो. एसटी स्टँड, रेल्वे स्टेशनची मागची बाजू, नदीपात्र, काही बागा, काही सार्वजनिक मुताऱ्या. आमच्या भाषेत या 'साइट'. खांद्याला लावलेल्या पिशवीत कंडोम, माहितीपत्रकं आणि तपासणी केंद्राच्या चिठ्ठ्या असायच्या.

पोलिसांनी पिशवी बघितली की प्रश्न सुरू. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं भारतीय दंड संहितेचं कलम ३७७ होतंच. खाजगीतलं सिद्ध करणं अवघड, म्हणून ते कोर्टात फार कमी वेळा जायचं. रस्त्यावर मात्र ते रोखीत वसूल व्हायचं. शिवाय मुंबई पोलीस कायद्याचं कलम ११०, सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तनाचं. घड्याळ, अंगठी, खिशातले पैसे, आणि वर 'घरी कळवू का?' ही धमकी. लखनौमध्ये २००१ च्या जुलैत हेच प्रतिबंधाचं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना अटक झाली आणि महिन्याहून अधिक काळ ते तुरुंगात होते. ती बातमी आमच्या प्रत्येकाच्या डोक्यात असायची. आम्ही जोडीनेच फिरायचो आणि वकिलाचा नंबर पाठ ठेवायचो.

त्या कामात शिस्त होती. रजिस्टरला रकाने होते: किती जणांना भेटलात, किती कंडोम दिलेत, किती जण तपासणीला गेले, किती जणांनी औषधं सुरू केली. सरकारने १ एप्रिल २००४ पासून एचआयव्हीवरची एआरटी औषधं मोफत द्यायला सुरुवात केली आणि त्यानंतर आमच्या हातून माणसं वाचली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मात्र साइटवर भेटणाऱ्या माणसांशी जरा बोलणं वाढलं की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर यायची. त्यांतले कितीतरी विवाहित होते. संध्याकाळी सातला भेटणारा माणूस साडेआठला भाजी घेऊन घरी जायचा, कारण घरी बायको आणि शाळेत जाणारी मुलगी वाट बघत असायची. त्याला मुतारीजवळ उभं राहायला लावणारी वाट लग्नाच्या मांडवातून आली होती. रजिस्टरमध्ये याला रकाना नव्हता. हेल्पलाइन आम्ही वर्गणीवर सुरू केली ती त्यामुळे.

फोन आला की आम्ही आधी विचारतो ते असं: लग्न ठरलंय की बघणं चालू आहे? सुपारी फुटली का? कमावतोस का? राहायला दुसरी जागा आहे का? आधार कार्ड आणि मार्कशीट कुणाकडे आहेत? मुलांना वाटतं, आम्ही लगेच 'घरी सांगून टाक' म्हणणार. आम्ही तसं म्हणत नाही. ज्याचं जेवण, फी आणि अंथरूण वडिलांच्या हातात आहे, त्याने सत्य सांगण्याआधी पगार आणि खोली मिळवावी. सांगायचंच झालं तर घरातला एक माणूस निवडून त्यालाच आधी सांगावं. अनुभव असा की तो माणूस बहुतेकदा थोरली बहीण किंवा वहिनी असते. वहिनी बाहेरून या घरात आलेली असते, घरात न बोलता काय काय सोसलं जातं हे तिला ठाऊक असतं. एका वहिनीने दिराचं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सासूला सांगितलं, "आई, यंदा घरात कार्य नको, माझं दुखणं चालू आहे." दुखणं काहीच नव्हतं. तिने त्याला एक वर्ष मिळवून दिलं.

सुपारी फुटलेली असली तर गणित बदलतं. तेव्हा मुदतीचा विचार मागे पडतो, कारण आता पलीकडे एक मुलगी उभी आहे. मी सरळ सांगतो: हे लग्न मोड. कारण सांगायचं की नाही ते तू ठरव, पण मोड. यावर मुलं चिडतात. "तुम्ही आमच्या बाजूचे ना?" म्हणून फोन आपटणारेही असतात.

आमच्या बाजूचा असण्याचा अर्थ मला एका शिक्षिकेने शिकवला. नवऱ्याच्या मोबाइलमध्ये तिला आमचा नंबर सापडला होता. लग्नाला तीन वर्षं झालेली. मूल नाही म्हणून सासूने तिला दवाखाने फिरवले, सोनोग्राफ्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या, सोळा सोमवार झाले. नवऱ्याने तिला एकदाही जवळ घेतलेलं नव्हतं. हे ती डॉक्टरला सांगू शकली नव्हती, कारण प्रत्येक वेळी सासू शेजारच्या खुर्चीवर असायची. सगळं सांगून झाल्यावर तिने विचारलं, "तुमची संस्था त्यांच्यासाठी आहे. मग मी कुणाकडे जायचं?"

त्यानंतर आम्ही एक नियम केला. पत्नीचा फोन आला की तिच्याशी वेगळी कार्यकर्ती बोलेल, शक्यतो वकिली जाणणारी, आणि ती नवऱ्याच्या बाजूने एक शब्दही बोलणार नाही. कायद्यात वाटा आहेत, त्या वेळेत कळायला हव्यात. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. फसवून संमती मिळवली असेल तर कलम १२ खाली विवाह रद्द करून मागता येतो, पण फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत. समजुती घालण्यात, बैठका बसवण्यात आणि अंगारे-धुपारे करण्यात नेमकं हेच वर्ष निघून जातं. नवरा समलिंगी आहे, असं घटस्फोटाचं स्वतंत्र कारण कायद्यात नाही. क्रूरतेखाली लढावं लागतं किंवा संमतीने वेगळं व्हावं लागतं. संमतीच्या घटस्फोटात अर्जानंतरचे सहा महिने सक्तीचे नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितल्यापासून काही जोडपी लवकर सुटली. त्या शिक्षिकेचा घटस्फोट संमतीने झाला. पोटगीवरून घासाघीस झाली तेव्हा मी नवऱ्याला बाजूला घेऊन म्हटलं, "तू तिची तीन वर्षं वापरलीस. ती परत देता येणार नाहीत, पैसे देता येतील." त्याने दिले. आज तो आमच्या गटाच्या बैठकांना येतो, नवीन मुलांना लग्न न करण्याविषयी माझ्यापेक्षा चांगलं सांगतो.

या काळात वर दिल्लीत मोठ्या गोष्टी घडत होत्या. २ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांमधल्या संमतीच्या संबंधांना ३७७ मधून बाहेर काढलं, तेव्हा आम्ही पेढे वाटले. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, तेव्हा हेल्पलाइनवर मुलं विचारत होती, "म्हणजे आजपासून आपण पुन्हा गुन्हेगार का?" ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो डाग पुसला. इतिहासाने या समाजाची आणि त्यांच्या कुटुंबांची माफी मागायला हवी, असं न्या. इंदू मल्होत्रा यांनी लिहिलं. त्या दिवशी ऑफिसात रडारड झाली, ढोल वाजला, शेजारच्या झेरॉक्सवाल्याने सगळ्यांना चहा पाजला.

फरक पडला. आता अ‍ॅपवरून बोलावून कुणाला लुटलं तर आम्ही चौकीत जाऊन तक्रार देऊ शकतो. फिर्यादीलाच आत टाकण्याची भीती उरलेली नाही. पण कार्तिक आला आणि फोन पूर्वीइतकेच वाजू लागले. एका वडिलांना मी निकालाचं कात्रण दाखवलं. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं आणि म्हणाले, "म्हणजे याने काही गुन्हा केलेला नाही. मग लग्नाला अडचण काय?"

याला हसावं की रडावं, कळेना. कायदा पोलिसाचा हात धरू शकतो. बोहल्यावर ढकलणारे हात आईबापाचे असतात, आणि ते मायेने ढकलत असतात. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी मला सुनावलं होतं, "हे तुमचं अलीकडचं खूळ. आमच्या वेळी असं काही नव्हतं." मी त्यांना र. धों. कर्व्यांची आठवण करून दिली. त्यांचं 'समाजस्वास्थ्य' मासिक १९२७ पासून निघत होतं आणि वाचक त्यात लैंगिक शंका विचारत. त्या प्रश्नोत्तरांवरून १९३४ साली कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला चालला, तेव्हा त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ज्या प्रश्नांवरून गदारोळ झाला त्यांत समलिंगी संबंधांविषयीचेही होते. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वी कुणी मराठी माणूस पोस्टाने तेच विचारत होता, जे आज त्यांचा मुलगा फोनवर मला विचारतो. मुख्याध्यापकांना कर्वे ठाऊक होते, खटलाही ठाऊक होता. प्रश्न काय होते ते ठाऊक नव्हतं. ते गप्प झाले. पटलं असेल असं मी म्हणत नाही, पण त्या वर्षी त्यांनी मुलाचं स्थळ बघणं थांबवलं.

न थांबणारे आईबाप डॉक्टरांकडे जातात. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० ला समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, तरी 'बरं करून देतो' म्हणणारे अजून सापडतात. गोळ्या, संमोहन, क्वचित विजेचे झटके. मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. आनंद व्यंकटेश यांनी ७ जून २०२१ च्या आदेशात अशा उपचारांवर बंदीची दिशा दिली आणि पुढच्या वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार ठरवला. तो आदेश छापून आम्ही फाइलला लावून ठेवला आहे. डॉक्टरसमोर ठेवला की आवाज खाली येतो.

मद्रासचं ते प्रकरण दोन तरुणींचं होतं. त्यांच्या घरच्यांनी त्या हरवल्याच्या तक्रारी दिल्या होत्या. मुलींची प्रकरणं अशीच येतात. त्यांचे फोन कमी असतात, कारण फोनच स्वतःचा नसतो. मैत्रिणीच्या मोबाइलवरून, कॉलेजच्या वेळेत, कुजबुजत बोलतात. मुलगा परीक्षेच्या नावाखाली तिशीपर्यंत लांबवू शकतो; मुलीला पदवीच्या निकालापर्यंतही वेळ मिळत नाही. ती घर सोडून गेली की अपहरणाची नाही तर चोरीची तक्रार होते. 'सज्ञान आहे, मर्जीने गेले, घरातलं काही नेलेलं नाही' असा जबाब स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून पोलीस ठाण्याची पोच घ्यावी लागते, दागिने अंगावर असतील तर उतरवून ठेवावे लागतात. हे आम्ही मुंबईतल्या बायकांच्या गटांकडून शिकलो. १९९५ साली 'स्त्री संगम' नावाने सुरू झालेला आणि पुढे 'लेबिया' झालेला गट हे काम आमच्या आधीपासून करत होता. रात्री-अपरात्री त्यांनी आमच्याकडच्या मुलींना ठेवून घेतलं आहे.

मधला मार्ग म्हणून काही जण सोयीचं लग्न शोधतात: समलिंगी मुलगा, समलिंगी मुलगी, दोघांच्या घरी शांतता. आमच्याकडे अशी विचारणा दर हंगामात होते. आम्ही जोड्या जुळवत नाही, पण विचारायला आलेल्यांना एक यादी देतो: सासूसोबत कोण राहणार? मूल कधी, असं विचारलं की काय सांगणार? दोघांचे खरे जोडीदार कुठे राहणार? एकाला वेगळं व्हायचं झालं तर खर्च कुणाचा? यादी बघून बरेच जण परततात. दोन-तीन जोड्यांचं उत्तम चाललं आहे, तेही सांगायला हवं.

आणि मग १७ ऑक्टोबर २०२३. समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता द्यायला सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. ते काम संसदेचं, असं म्हटलं. त्या संध्याकाळी एका पत्रकार बाईंनी विचारलं, "तुम्ही आयुष्यभर लग्नं थांबवलीत. आज लग्न मिळालं नाही म्हणून दुःख कसलं?" मला त्यात विसंगती दिसत नाही. ज्याला नको त्याच्यावर लादायचं आणि ज्यांना हवं त्यांना नाकारायचं, या दोन्हींमागे एकच समजूत आहे: लग्न हा दोन घराण्यांचा व्यवहार, त्यात लग्न करणाऱ्याला विचारायचं काय? आमच्या गटात वीस वर्षं एकत्र संसार करणारे दोघे आहेत. एकाची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा संमतीपत्रावर सही करायला साताऱ्याहून पुतण्याला बोलवावं लागलं. पुतण्या काकांना पाच वर्षांत भेटला नव्हता.

बँकेतला जुना धंदा अशा जोड्यांना उपयोगी पडतो. संयुक्त खातं, नॉमिनेशन, मृत्युपत्र, मुखत्यारपत्र हे सगळं करून घ्या, म्हणून मी पूर्वीपासून मागे लागतो. संयुक्त खात्याला नातं लागत नाही, पण शाखेतले लोक उगाच अडवायचे. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने तसं लेखी स्पष्ट केल्यापासून तोही कागद फाइलला लागला. आमची फाइल आता जाड झाली आहे.

आईबापांना मात्र कागदाने फरक पडत नाही, दुसऱ्या आईबापांनी पडतो. मुंबईत 'स्वीकार' नावाचा पालकांचा गट आहे. २०२३ मध्ये चारशेहून अधिक पालकांनी मुलांच्या विवाहहक्कासाठी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. ते पत्र मी एका आईला दाखवलं, तेव्हा तिने मजकूर वाचला नाही, खालच्या सह्या वाचल्या. तिला आडनावं बघायची होती. आपल्यातलं एखादं सापडतंय का, ते.

त्यावरून सुचलं आणि गेल्या काही वर्षांत मी नवीन काम अंगावर घेतलं. वधू-वर सूचक केंद्रांत जातो. पहिल्यांदा हाकलून दिलं, ते ठीकच होतं. मग एका केंद्राच्या मालकीणबाईंनी बसवून घेतलं. पंचवीस वर्षं स्थळं जुळवतात, हिशेबाला पक्क्या. माझं भाषण त्यांनी मध्येच तोडलं. "तुमची चळवळ राहू द्या. माझ्याकडून जमलेली लग्नं वर्षात मोडतात तेव्हा लोक माझ्या नावाने शंख करतात. त्यातली किती अशी असतील?" मी म्हटलं, सांगता येणार नाही, पण विचारता येईल. मग आम्ही दोघांनी मिळून त्यांचा फॉर्म वाचला. गोत्र, देवक, नाडी, रक्तगट, पॅकेज, स्वतःचं घर, शेती किती एकर, चष्मा आहे का. फॉर्म भरणारे बहुतेक वेळा वडील किंवा मामा. ज्याचं लग्न, त्याची सही कुठेच नव्हती.

आता त्यांच्याकडे नियम आहे. नाव नोंदवायला मुलगा किंवा मुलगी स्वतः यायचं, पालकांनी बाहेरच्या बाकावर बसायचं आणि आत दहा मिनिटं एकच विचारायचं: लग्न करायची तुझी स्वतःची इच्छा आहे का? कारण विचारायचं नाही. 'नाही' असं उत्तर आलं की त्या बाहेर येऊन पालकांना सांगतात, "यंदा योग दिसत नाही, पुढच्या वर्षी या," आणि नोंदणीचे पैसे परत करतात. नाही म्हणणाऱ्यांत समलिंगी किती, हे त्यांना माहीत नाही, मलाही नाही. कुणाचं प्रेम दुसरीकडे असेल, कुणाला शिकायचं असेल, कुणाला एकटंच राहायचं असेल. दहा मिनिटं सगळ्यांनाच लागू आहेत. शहरात अशी केंद्रं पुष्कळ आहेत. तुळशीच्या लग्नाआधी जितकी गाठता येतील तितकी यंदा गाठायची आहेत.